अण्णांची नाणी आणि चिपळूणचं पाणी

२२ जुलै २०२१. चिपळूणकराला एवढी तारीख पुरते. रात्रभर पाऊस थांबला नव्हता आणि उजाडायच्या आत पाणी आमच्या आळीत शिरलं होतं. २००५चा पूर आम्ही याच घरात काढलेला, त्यामुळे काय कुठे चढवायचं हे पाठ होतं. सिलिंडर, तांदळाचे डबे, आईची औषधं, घराची कागदपत्रं माळ्यावर टाकली आणि आईला धरून वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. अण्णांची नाणी लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात होती. २००५ला पाणी खालच्या खणापर्यंत आलं होतं, म्हणून मधल्या खणाची मला काळजीच वाटली नाही. या वेळी ते पंख्याच्या पात्यांना लागलं.

तिसऱ्या दिवशी कपाट पहारीने उघडावं लागलं. आत काय होतं ते सांगण्याआधी ही नाणी कुणाची आणि कशी जमली ते सांगते, कारण ती कशी ठेवायची याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

अण्णा, माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, १९६४ ते १९९६. चिपळूण डेपो, बहुतेक सगळी सेवा गुहागर, दापोली, संगमेश्वरच्या बाजूला. प्रवाशाने दिलेल्या मोडीत एखादं वेगळं नाणं दिसलं की ते चामडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात जायचं. संध्याकाळी डेपोत कॅश भरण्याआधी तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून घालायचे आणि नाणं घरी आणायचं. घरी आल्यावर पाय धुऊन, चहा पिऊन, जुन्या तिकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहायचे. ‘१२-३-७४. गुहागर-चिपळूण. शृंगारतळीला म्हातारीने दिलं. माझे १० पैसे.’ ही चिठ्ठी नाण्यासोबत. बाजारात या नाण्यांना फार मोल नाही. १९५७चे नवे पैसे, तीन पैशांची षट्कोनी, कमळाचं पितळी वीस पैशांचं, १९४३ नंतरचे भोकाचे पैसे, घोड्याचं चित्र असलेला १९५०चा पैसा. त्यांच्या जोडीला आत्याने देवाच्या डब्यातून काढून दिलेल्या काही शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आणि चौदा चांदीचे रुपये, राणीछाप आणि राजाछाप.

माझं वय नऊ असताना मी त्यातल्या चार शिवराया चिंच आणि चुलीतली राख लावून घासल्या. दिवाळीची भांडी घासायला काढली होती, तांब्याचा बंब लखलखत होता, मला वाटलं अण्णांची काळी पडलेली नाणीही चमकवून त्यांना द्यावीत. लालभडक झाली. एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आधी अंधुक वाचता यायचं. घासल्यावर त्यातला ‘शिव’ जवळजवळ गेला. अण्णा रागावले नाहीत. खिडकीपाशी जाऊन त्यांनी चारही नाणी उजेडात पाहिली आणि म्हणाले, “बाय, पुन्हा नको हो घासू.” का नको ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तांब्यावर शे-दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर हा मळ नसतो. तो धातूचाच झालेला पातळ पापुद्रा असतो आणि खालच्या तांब्याला हवेपासून राखतो. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, राख अक्षरांच्या कडा खाते, आणि उघडं पडलेलं तांबं पुढच्याच पावसाळ्यात डागाळतं. आमच्या त्या चार शिवराया आज पाहिल्या तर चट्टे पडलेल्या दिसतात. बाकीच्या तशाच गडद तपकिरी, शांत आहेत.

आता कपाट. नाणी तीन ठिकाणी होती आणि तिघांची गत वेगळी झाली.

चांदीचे रुपये लाल मखमलीच्या अस्तराच्या दागिन्यांच्या डब्यात होते. मखमल चिखलाने भरलेली, तिचा रंग सुटलेला, रुपये काळे. पण खरं सांगायचं तर ते पुराआधीही काळे पडतच होते. मखमल, फेल्ट, लोकर, रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, यांतून येणाऱ्या गंधकयुक्त वाफा चांदीला काळं करतात. बंद डब्यात तर अधिकच, कारण वाफ बाहेर जायला वाटच नसते. दागिन्याचा डबा दागिन्यालाही फारसा चांगला नाही, नाण्याला तर नाहीच.

मोठी तांब्याची नाणी आणि कंपनी सरकारचे पाव आणे अल्बममध्ये होते. हा अल्बम अण्णांनी निवृत्तीनंतर मुंबईला गेले असताना फोर्टातल्या एका फुटपाथवरून हौसेने आणला होता. मऊ पारदर्शक पानं, नव्या रेनकोटला येतो तसला वास. तो वास म्हणजेच धोक्याची खूण, हे तेव्हा आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं. तसलं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. त्याला मऊपणा आणण्यासाठी घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत राहतं, प्लास्टिक कुजताना आम्लही सुटतं, आणि नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. उष्ण, दमट हवेत हे लवकर होतं, आणि आमच्याकडे वर्षातले चार महिने दुसरी हवाच नसते. पुराच्या चिखलाने अल्बमचं जे नुकसान केलं त्याहून जास्त त्या पानांनी आधीच्या पंचवीस वर्षांत करून ठेवलं होतं. चिखल धुतला गेला. तांब्यात पडलेले खड्डे तसेच राहिले.

आणि तिसरी जागा. बाजारपेठेत अण्णांचे एक स्नेही फोटो स्टुडिओ चालवायचे. कॅमेऱ्याचे रोल ज्या काळ्या डब्यांतून येत, त्या ते अण्णांना द्यायचे. लहान नाणी अण्णा त्यात ठेवायचे, चिठ्ठीसकट, आणि डब्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पत्र्याचा डबा चिखलाने काठोकाठ भरला होता. मी काळी डबी धुऊन पुसून उघडली. आत कोरडं. बावीस डब्यांतल्या एकोणीस आतून कोरड्या निघाल्या. त्या डब्यांचं प्लास्टिक पीव्हीसी नसतं, पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन असतं, नाण्याला ते काही करत नाही, आणि झाकण इतकं घट्ट की पाणी शिरत नाही. अण्णांनी हा विचार करून त्या निवडल्या नव्हत्या. फुकट मिळत होत्या आणि पिशवीत मावत होत्या, एवढंच. चांदीचा रुपया त्यात मावायचा नाही, म्हणून रुपये मखमलीत गेले.

त्यातल्या एका डबीत माझ्या चार शिवराया होत्या. सोबत तिकिटाच्या पाठीमागे अण्णांचं अक्षर. ‘दिवाळी ८३. बायने स्वतः घासून दिल्या.’

पुढचे दोन महिने मी ही नाणी सोडवण्यात घालवले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे वाचली होती, आणि माझ्या रोजच्या कामातल्या बऱ्याच गोष्टी इथे उपयोगी पडल्या. चिखलाचं नाणं कधीही पुसायचं नाही. चिखलात वाळू असते आणि ती पॉलिश पेपरचं काम करते. नाणं पाण्यात सोडून द्यायचं, पाणी बदलत राहायचं, चिखल आपण होऊन सुटतो. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि तांब्याचं क्लोराइडशी वैर आहे. काही पाव आणे मी आठवडाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवले, रोज पाणी बदलून. मग मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टिपायचं, घासायचं नाही.

अल्बममधल्या नाण्यांवरच्या चिकट थरासाठी ॲसिटोन. हे नीट सांगते, कारण घरोघरी लोक इथेच चुकतात. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही. त्यात सुगंध, तेल, रंग असतं आणि ते सगळं नाण्यावर बसतं. शुद्ध ॲसिटोन रसायनांच्या दुकानात मिळतं. काचेच्या वाटीत घ्यायचं, प्लास्टिकची वाटी घेतली तर काही प्लास्टिक त्यात विरघळून नाण्यावर येतं. नाणं बुडवून वर काचेची झाकणी. अर्ध्या-एक तासाने दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये हलवायचं, मग बाहेर काढून हवेवर सुकू द्यायचं. खिडक्या उघड्या, आणि घरात गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटलेलं नको. ॲसिटोन चटकन पेट घेतं. धातूला ते काही करत नाही, फक्त सेंद्रिय चिकटा काढतं आणि उरलेली ओलही घेऊन जातं. काळ्या पडलेल्या रुपयांना मात्र मी हात लावला नाही. ते धुतले, सुकवले आणि आहेत तसे ठेवले. काळी पडलेली चांदी ही चांदीच आहे. पॉलिशने चमकवलेल्या रुपयावरचे बारीक ओरखडे कुठल्याही उपायाने परत जात नाहीत.

एका पाव आण्याने बराच त्रास दिला. त्याच्यावर फिकट हिरव्या पुडीचे ठिपके यायचे. पूड झाडली की महिनाभराने त्याच जागी पुन्हा. हे क्लोराइड धातूच्या आत शिरलेलं असतं, आणि हवा अन् ओल मिळाली की पुन्हा पुन्हा तांबं खातं. रोगासारखं शेजारच्या नाण्याला ते लागत नाही, तरीही मी तो वेगळ्या डबीत, जास्त सिलिका जेल घालून ठेवला आहे. कोरडा राहिला तर ते थांबतं. दोन पावसाळे ठिपका आलेला नाही.

आता मांडणी अशी. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी घडीत, ज्याला दोन्ही बाजूंनी पॉलिस्टरच्या पातळ काचेसारख्या खिडक्या असतात. ही पुठ्ठ्याची फ्लिप नाणी विकणाऱ्यांकडे सहज मिळते. स्टेपल मारताना पिना नाण्यापासून दूर, आणि मारल्यावर पकडीने चपट्या करायच्या, नाहीतर एका फ्लिपची पीन शेजारच्या नाण्यावर घासते. नाणं बाहेर काढताना सगळ्या पिना आधी काढायच्या. घाईत एका पिनेने मी १९१९च्या रुपयावर राजाच्या गालावर रेघ ओढली आहे, ती रोज दिसते. रुपयांना तेव्हापासून ॲक्रिलिकच्या गोल कॅप्सूल घेतल्या. राणीछाप आणि राजाछाप, सगळ्यांचं माप जवळपास एकच, त्यामुळे एकाच आकाराच्या चालल्या.

प्लास्टिकच्या पानाचा संशय आला तर एक जुनी परीक्षा आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकच्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पान नाण्याच्या कामाचं नाही. हे अंगणात करा, धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि अर्थातच ॲसिटोनची बाटली तेव्हा घरात आत, बंद असू दे. अण्णांच्या अल्बमच्या पानाने इतकी सुंदर हिरवी ज्योत दिली की मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

या सगळ्या फ्लिपा रबरी कड असलेल्या, चारही बाजूंनी खटके लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात आहेत, स्वयंपाकघरात फरसाण ठेवायला घेतो तसल्या. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा. जेल मी केशरी रंगाची घेते, ओल धरली की हिरवी होते. निळी, जी गुलाबी होते, तिच्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात नको. हिरवी झालेली जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवली की पुन्हा केशरी होते, मात्र ते भांडं खाण्याच्या भांड्यांतलं नको. गेल्या जुलैत बाहेर काटा ९२ दाखवत होता तेव्हा डब्यात ३७ होता. पावसाळ्यात मी डबा उघडतच नाही. कितीही पाहावंसं वाटलं तरी नाही, कारण एकदा उघडला की आतली सगळी हवा जुलैची होते. आगोटीच्या तयारीत, मेच्या अखेरीला, जेल वाळवून झाकण लावते ते दसऱ्याला काढते.

डबा आता वर आहे. पुरानंतर आम्ही घरावर एक खोली चढवली, तिच्यात, बाहेरच्या भिंतीला न लागून, जमिनीवर नाही आणि पत्र्याखालीही नाही. कपाट जुन्या सागाचं आहे. नवीन प्लायवूडच्या फर्निचरला महिनोन् महिने वास येतो, तो त्यातल्या डिंकाचा, आणि बंद खणात तोही धातूवर बसतो. डांबराच्या गोळ्या कपाटात कुठेच नाहीत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते.

बँकेच्या लॉकरचा विचार केला होता. पण पुरात इथल्या तळमजल्यावरच्या बँकांतही पाणी शिरलं, ते डोळ्यांनी पाहिलं होतं. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नसते, आणि आत काय आहे याची नोंदही बँकेकडे नसते. ज्यांच्याकडे सोन्याची नाणी आहेत आणि बँक वरच्या मजल्यावर आहे त्यांनी जरूर लॉकर घ्यावा. माझ्या नाण्यांना चोराहून ओलीचं भय जास्त. चोरासाठी एवढंच करते की फोटो कुठे टाकत नाही आणि पाहुण्यांसमोर डबा काढत नाही. मस्कतला असलेल्या भावाने चार शिवराया मागितल्या होत्या, त्याला समजावून सांगितलं. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

लक्ष्मीपूजनाचा प्रश्न नाजूक होता. आमच्याकडे अण्णांच्या हातचे रुपये पाटावर मांडून, पंचामृताने धुऊन, हळदकुंकू वाहायची पद्धत. दही-मधाचं आम्ल, कुंकवाचा रंग, ओला हात, सगळंच चांदीवर राहतं. आईला हे सांगायला मला धीर होत नव्हता. शेवटी तिनेच तोडगा काढला. सगळ्यात झिजलेले तीन रुपये तिने देव्हाऱ्यात ठेवून घेतले. “हे लक्ष्मीचे. बाकीचे तुझ्या बापाचे.” त्या तीन रुपयांना मी कॅप्सूल घातलेली नाही. त्यांना हळदकुंकू लागतं, आणि ते तसंच असावं.

दसऱ्याला डबा उघडते तेव्हा टेबलावर टॉवेल दुमडून ठेवते, म्हणजे नाणं निसटलं तरी मऊ पडेल. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे, किंवा लॅबमधले नायट्रिलचे हातमोजे. नाणं कडेने धरायचं, तोंडावर बोट नाही, आणि त्याच्यावर वाकून बोलायचं नाही. बोलताना उडालेला थेंब आज दिसत नाही, पुढच्या वर्षी काळा ठिपका होऊन दिसतो. वजनकाट्यावर वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, वहीत नोंद. वहीची एक प्रत पुण्याला बहिणीकडे आहे.

एवढं सगळं करूनही जे गेलं ते नाण्यांतलं नाही. अल्बमच्या आणि मखमलीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या गेल्या. शाई धुऊन गेली, कागदाचा लगदा झाला. नाणी वाचली आणि त्यांच्या सत्तावन्न हकिगती गेल्या. तांबं, चांदी पुन्हा सोडवता आलं, पण ‘सावर्ड्याच्या चढावर गाडी बंद पडली तेव्हा’ अशी सुरुवात असलेली ती चिठ्ठी मला पुढची आठवत नाही. तिचा साधा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला पुराआधी माझ्याकडे कितीतरी वर्षं होती. आता उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो तीन ठिकाणी आहेत आणि मूळ चिठ्ठ्या नाण्यांपासून वेगळ्या, पॉलिस्टरच्या पाकिटात. तिकिटाचा स्वस्त कागद स्वतःच आम्ल सोडतो, त्याला नाण्याला चिकटून ठेवणंही बरोबर नव्हतं.

गेल्या दोन दसऱ्यांपासून आई सोबत बसते. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मी चिठ्ठी नसलेलं एकेक नाणं कॅप्सूलसकट तिच्या तळहातावर ठेवते आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करते. बऱ्याच नाण्यांना ती मान हलवते आणि परत देते. यंदा १९१८चा राजाछाप हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, “हा त्यांना सावर्ड्याच्या एका मास्तरांनी दिला. बायको बाळंतपणाला अडली होती, गाडी थांब्यापुढे नेऊन दवाखान्याच्या दारात उभी केली होती ह्यांनी. मास्तर दुसऱ्या महिन्यात डेपोत शोधत आले. हे घेत नव्हते. म्हणून मग बदली रुपया दिला.”

मुलगा झाला की मुलगी, ते तिला आठवेना. मी पेन्सिल घेतली, कारण पाण्यात पेन्सिल पुसली जात नाही, आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं. ‘राजाछाप, १९१८. ११.५८ ग्रॅम. सावर्ड्याचे मास्तर. बदली अण्णांचा १ रुपया. आईच्या आठवणीवरून, तारीख नक्की नाही.’